फाटक्या बुटांचं दान? नको गं बायांनो!



आज ना स्वयंपाकघर, ना देव्हारा. आज थेट दारातलं बुटांचं कपाट. नाक मुरडू नका. हा विषय वाटतो तितका साधा नाही, आणि यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगते, मग माझं मत.

मागच्या डिसेंबरात दिवाळीनंतर राहिलेली माळ्याची सफाई काढली होती. त्यात एक खोकं निघालं. आत आमच्या यांचे पांढरे-निळे स्पोर्ट शूज, मुलाने सहा वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेले. यांनी ते जेमतेम दहा वेळा घातले असतील. ‘फार चांगले आहेत, रोज घालून खराब कशाला करायचे’ असं म्हणून मीच ते कागदात गुंडाळून वर ठेवले होते. खोक्यात ती चुरचुरणारी पांढरी पुडीसुद्धा तशीच होती. बूट दिसायला अगदी नवे.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंचा मुलगा आठवीत. पोरगा धावण्यात चांगला. शाळेच्या क्रीडास्पर्धा आठवड्यावर आलेल्या. मी मोठ्या आनंदाने ते बूट दिले. माप जरा मोठं होतं, तर पुढे कापूस घालायलाही सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, दिवसभर मला फार छान वाटत होतं. संध्याकाळी मंदिरात मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, ‘आज एक चांगलं दान घडलं.’

चार-पाच दिवसांनी मी विचारलं, “काय गं, पोराची शर्यत झाली का?” ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, “झाली काकू.” आणि दुसऱ्या दिवशी येताना कॅरीबॅगमधून ते बूट परत घेऊन आली. “तुमचे होते म्हणून टाकले नाहीत काकू. बघा, दुरुस्त होत असतील तर.”

पंधराशे मीटरच्या तिसऱ्या फेरीत उजव्या बुटाचा सोल निघून आला होता. पोरगा तोंडावर पडला. दोन्ही तळहात आणि गुडघा सोलवटला. शर्यत तर गेलीच, वर मुलं हसली ती वेगळीच. हे सगळं मला चार वेळा विचारल्यावर कळलं. तिने होऊन एक शब्द तक्रारीचा काढला नाही. तेच मला जास्त लागलं.

मी ते बूट घेऊन कोपऱ्यावरच्या बूट-चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी सोल हातात घेऊन अंगठ्याने नुसता दाबला, तर शेंगदाण्याच्या कुटासारखा भुगा खाली पडला. म्हणाले, “काकू, हा वापरून नाही मेला. ठेवून मेलाय.”

त्या वाक्याने मी घरी येईपर्यंत विचारात होते. आपण ठेवून ठेवून किती वस्तू मारतो!

नंतर नातवाला बसवून मी वाचून घेतलं, तर काकांचं म्हणणं खरंच होतं. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो. हवेतली आर्द्रता तो हळूहळू पितो आणि आतल्या आत त्याची साखळी तुटत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. चार-सहा वर्षं झाली की एक दिवस पायाखाली भुगा. बंद खोक्यात, माळ्यावरच्या उष्म्यात आणि पावसाळ्याच्या दमटपणात तर हे होणारच. दुसऱ्या काही बुटांत फोम टिकतो, पण चिकटवलेलं सोल्युशन वाळून सुटतं. म्हणजे ‘नवाकोरा आहे, एकदाच घातलाय’ ही खात्री बुटाच्या बाबतीत कामाची नाही. साड्या ठेवल्या तर घडीवर विरतात, तसंच हे.

आपल्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, आठवतं का? पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट, शुक्रवारी रात्री धुवायचे आणि डाग राहिला तर त्यावर खडू घासायचा. वर सुती कापड, खाली रबर, संपलं. थोरल्याचे धाकट्याला, धाकट्याचे चुलतभावाला. अंगठा बाहेर आला की मगच ते निवृत्त. वर्षाला घरात फार तर दोन जोड यायचे.

आज? या घटनेनंतर मी वही घेऊन बसले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी वहीची सवय सुटत नाही. पाच माणसांच्या घरात तेवीस जोड पादत्राणं निघाली, त्यांतले अकरा स्पोर्ट शूज. यांचे सकाळी चालायला जायचे, मुलाचे जिमचे, सूनबाईचे झुंबाचे, नातवाचे फुटबॉलचे वेगळे आणि शाळेचे वेगळे. माझेही दोन, कारण गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेत. दुसऱ्याला बोट दाखवत नाही, माझेही दोन!

रविवारी मंदिराबाहेर चपला काढतो तिथे जरा नजर टाका. पूर्वी चामड्याच्या चपला नकोत म्हणून आपल्यात रबरी किंवा कापडी असायच्या. आता निम्मे स्पोर्ट शूज, आणि त्यांत नऊवारी-सहावारीवाल्या आजीबाईंचेही. त्यात वाईट काही नाही. गुडघे सांभाळायलाच हवेत. मुनिमहाराजांच्या विहारात पुढे महाराज अनवाणी आणि मागे आपण सगळे जाड सोलच्या बुटांत चालत असतो. महाराजांची बरोबरी आपण करू शकत नाही. पण मागून चालताना आपल्या पायाकडे बघून एवढा तरी विचार यावा, की हा जोड माझ्या पायातून निघाल्यावर कुठे जाणार?

आता तो कुठे जातो ते बघू.

भंगारवाल्याला स्पोर्ट शूज देऊन बघा. घेत नाही. पितळ घेईल, लोखंड घेईल, रद्दी घेईल, फुटकी बादली घेईल. बूट बघितला की हात झटकतो. कारण साधं आहे. भंगाराला भाव असतो तो एकजिनसी मालाचा. स्पोर्ट शूजमध्ये वर पॉलिस्टरची जाळी, आत स्पंज, मध्ये ईव्हीए नावाचा हलका फोम, खाली रबर, कुठे प्लास्टिकची पट्टी, नाडीच्या भोकाला धातूची कडी, आणि हे सगळं एकमेकांना असं घट्ट चिकटवलेलं की सुटू नये. सुटू नये यासाठीच ते बनवलेलं असतं! अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभ्यासकांनी २०१३ साली एका धावायच्या बुटाचा हिशेब मांडला. त्यात ६५ सुटे भाग निघाले आणि तो जोडायला ३६० हून जास्त कृती. एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्यातला बहुतेक कारखान्यातच, म्हणजे आपण पाय घालण्याच्या आधी.

१४ किलो म्हणजे किती, हे मलाही कळत नव्हतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो होतो. म्हणजे एका जोडाला सहा लिटर पेट्रोल. स्कूटीवरून सांगली ते पुणे गेल्यासारखं! आणि जगात दरवर्षी सगळ्या प्रकारची मिळून वीस अब्जांहून जास्त जोड पादत्राणं बनतात. बनवण्यात आपला देश चीनच्या खालोखाल दुसरा आहे.

तर असा हा ६५ भागांचा जोड सोडवायला जेवढी मजुरी लागेल, तेवढी त्यातून निघालेल्या रबराची किंमतही नाही. कॉमर्सच्या भाषेत, माल काढायचा खर्च मालापेक्षा जास्त. म्हणून तो कोणी काढत नाही. घंटागाडीत गेला की कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसतो. तिथे तो कुजत नाही. आपली पतवंडं होतील तरी तो बूट तिथेच असेल. काही शहरांत असा न विकला जाणारा सुका कचरा वेगळा करून सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून देतात. डोंगरावर पडण्यापेक्षा ते बरं, पण त्याला पुनर्वापर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि एक हात जोडून सांगते, अजूनही काही घरी बंबात जुनी चप्पल सरकवतात, पाणी लवकर तापतं म्हणून. कृपा करून नको. तो काळा धूर आधी आपल्याच घरातल्या लेकरांच्या छातीत जातो.

मग यावर उपाय निघालेच नाहीत का? निघाले आहेत. नायकी कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जुने स्पोर्ट शूज गोळा करून दळायला सुरुवात केली. बूट कापून, दळून त्याचे तीन ढीग करतात, तळाचं रबर, मधला फोम आणि वरचं कापड. रबर धावायच्या ट्रॅकमध्ये जातं, फोम खेळाच्या मैदानाखाली गादीसारखा, कापडाचा कापूस गादीच्या अस्तरात. आपल्याकडे श्रियांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी मुंबईत ‘ग्रीनसोल’ सुरू केलं. धावणाऱ्यांचे बूट लवकर झिजतात, पण सगळा बूट एकदम झिजत नाही, हे त्यांनी स्वतःच्या बुटांवरूनच ओळखलं. जुन्या बुटाचा चांगला सोल घेऊन त्याची नवी चप्पल करायची आणि अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलांना द्यायची, असं ते काम. मला हे फार आवडलं. कारण यात मुलाच्या हातात पडते ती नवी शिवलेली चप्पल, दुसऱ्याचा घामट बूट नाही. अंशू गुप्तांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ संस्थाही वापरण्याजोगी पादत्राणं घेते. ‘वापरण्याजोगी’ हा शब्द तेवढा नीट वाचा.

पण म्हणून ‘दिलं की झालं’ असं समजू नका. सिंगापूरमध्ये जुने स्पोर्ट शूज दळून मुलांची मैदानं आणि ट्रॅक करायची मोठी योजना जाहीर झाली होती. रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी अकरा जोडांच्या तळव्यात माग काढणारी छोटी यंत्रं लपवली आणि ते दानपेटीत टाकले. २०२३ साली त्यांनी बातमी दिली. मैदानापर्यंत एकही जोड पोहोचला नव्हता. अकरापैकी दहा जोड समुद्र ओलांडून इंडोनेशियात गेले होते, आणि त्यांतले काही जुन्या बाजारात विकायला मांडलेले सापडले. त्या देशात जुने बूट आयात करायला बंदी असूनही. टाकणाऱ्या लोकांना मात्र घरी जाताना किती समाधान वाटलं असेल! अगदी माझ्यासारखंच, त्या डिसेंबरातल्या संध्याकाळी.

इथे मला माझं खरं म्हणणं मांडायचं आहे.

आपण दान म्हणून जे देतो, त्यातलं बरंचसं दान नसतं. आपल्या वहीतला बुडीत माल आपण दुसऱ्याच्या वहीत जमा करतो. आपलं कपाट रिकामं होतं, वर पुण्यही आपल्याच खात्यावर. आणि ज्याला दिलं त्याच्या घरी काय गेलं? त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत आपली अडगळ. ती फेकायचं काम आणि घंटागाडीपर्यंत नेण्याचे कष्टही त्याचे. परत, काकूंनी दिलंय म्हणून त्याला नको म्हणायचीही चोरी.

सांगलीकर बायकांना तर हे मी सांगायला नको. २०१९ चा महापूर आठवा. पाणी ओसरल्यावर कुठून कुठून मदतीचे ट्रक आले. तांदूळ, पाणी, चादरी पाठवणाऱ्या हातांना मी आजही नमस्कार करते. पण त्याच ट्रकांतून काय काय निघालं होतं? बटणं तुटलेले शर्ट, मळके परकर, आणि बूट. एकेकटे बूट. डाव्याला उजवा नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा ढीग किती दिवस चिखलात पडून होता. पुराचा गाळ उपसायचा की आलेली मदत उपसायची, असं झालं होतं. तेव्हा मी तावातावाने म्हटलं होतं, ‘आम्ही पूरग्रस्त आहोत, कचराकुंडी नाही.’ आणि पाच-सहा वर्षांत मीच एका पोराच्या पायात भुगा झालेला बूट घातला!

आपल्या शास्त्रात दानाचे चार प्रकार सांगितले, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. आहारदान देताना आपण किती जपतो! पाणी गाळून, धान्य निवडून, शुद्धी पाळून. महाराजांच्या अंजुळीत कालची भाजी कोणी वाढेल का? आता कोणी म्हणेल, पात्र वेगळं, तिथली गोष्ट वेगळी. मान्य. पण देणारा हात तर तोच आहे ना? आणि श्रावकासाठी अनर्थदंडाचा त्याग सांगितलाय, विनाकारण होणाऱ्या हिंसेचा. त्यात प्रमादचर्या येते, म्हणजे बेफिकिरीने वागणं. न बघता दिलेला बूट ही प्रमादचर्याच. पोराचा गुडघा फुटला ती हिंसा माझ्या हातून झाली. मी ते मुद्दाम केलं नाही, पण मी बघितलंही नाही. दोन्ही हातांनी सोल वाकवून बघायला किती वेळ लागला असता?

तर यंदा चातुर्मासात आमच्या महिला मंडळात ठरलं की दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी जुन्या बुटांचं संकलन करायचं. मी बैठकीतच म्हटलं, करूया, पण घेताना तपासून घेऊ आणि फाटके परत देऊ. यावर जरा वाद झाला. आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, “देणाऱ्याचा भाव बघावा, वस्तू बघू नये.” मी म्हटलं, “ताई, भाव चांगला असेल तर बूट धुवायला काय झालं?” दोन मिनिटं शांतता. मग त्याच हसल्या आणि म्हणाल्या, “बरं, तुम्हीच बसा तपासायला.” बोललं की अंगावर येतं ते असं!

बसले. सूनबाई आणि आणखी तिघी मदतीला. एकूण १४३ जोड आले. तीन ढीग केले. ३८ जोड खरोखर चांगले, धुऊन लगेच घालता येतील असे. ४१ जोड दुरुस्तीचे, कुठे शिलाई उसवलेली, कुठे सोल जरासा सुटलेला, कुठे नुसती नाडी नाही. आणि ६४ जोड मेलेले. त्यातही नऊ जणांनी जोड म्हणून दोन वेगवेगळे बूट दिले होते. एका बुटात तर वापरलेला मोजाही तसाच होता. चांगल्या घरचे बूट हो सगळे!

४१ जोड कोपऱ्यावरच्या त्याच काकांकडे दिले. त्यांनी दहा दिवसांत करून दिले, एकूण ३,७०० रुपये झाले. म्हणजे जोडामागे नव्वद रुपये. मंडळातल्या एकीने विचारलं, “एवढे पैसे दुरुस्तीला कशाला?” मी हिशेब दाखवला. नव्वद रुपयांत एक मूल वर्षभर बूट घालणार, काकांना काम मिळालं, आणि ४१ जोड कचऱ्यातून वाचले. यापेक्षा चांगला व्यवहार कुठे आहे? आपण दीड हजाराचा बूट टाकून देतो आणि दुरुस्तीवाल्याशी दहा रुपयांची घासाघीस करतो. ही माणसं बाजारातून उठून गेली तर आपले बूट कोण वाचवणार? पुनर्वापर पुनर्वापर म्हणून आपण कारखाने शोधतो, आणि तो कोपऱ्यावर आरी-दाभण घेऊन बसलेला असतो.

चांगले आणि दुरुस्त केलेले मिळून ७९ जोड झाले. ते माप लिहून, नाड्यांनी जोडी बांधून एका शाळेत नेले. मुलांना रांगेत उभं करून वाटले नाहीत. टेबलावर मापाप्रमाणे मांडले, मुलांनी घालून बघितले, उड्या मारून बघितले, आवडले ते घेतले, नाही आवडले ते ठेवले. फोटो काढले नाहीत. हे माझं दुसरं मत, आणि यावर मी भांडायलाही तयार आहे. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याला दिलेलं दान नाही.

राहिले ६४. त्यांच्या नाड्या काढून घेतल्या, झाडं बांधायला आणि गाठोड्यांना उत्तम. आतल्या चांगल्या गाद्या काढल्या. तळाच्या रबराचे चौकोनी तुकडे कापले, वॉशिंग मशीन आणि शिलाई मशीनच्या पायाखाली बसतात, हादरा कमी होतो. बाकी सगळं बांधून सुक्या कचऱ्यात दिलं. मन खट्टू झालं. पण ते गरिबाच्या घरून कचऱ्यात जाण्यापेक्षा माझ्या घरून गेलेलं बरं. कचरा माझा होता.

आता तुम्ही विचाराल, मग आम्ही करायचं काय? मी घरात जे सुरू केलंय ते सांगते.

एक, चांगला म्हणून माळ्यावर ठेवायचा नाही. आणला तर घालायचा, घालायचा नसेल तर तो नवा असतानाच, वर्षाच्या आत कोणाला तरी द्यायचा. सहा वर्षांनी दिलेला ‘नवा’ बूट फसवा असतो. शिवाय माळ्यावरच्या खोक्यात कोळी, कसर, झुरळं घर करतात. मग सफाईत ते जीव मरतात. साठवणही हिंसाच घडवते बायांनो.

दोन, देण्याआधी परीक्षा. बूट उन्हात हळूच झटका, आत जीव नाही ना बघा. दोन्ही हातांनी मधोमध वाकवा. सोल अंगठ्याने दाबा. तडा, चुरा, चिकटपणा दिसला तर तो कोणाच्याही पायासाठी नाही. पास झाला तर पाण्याचा जपून वापर करून धुवा, सावलीत वाळवा, नाड्या घाला, जोडी बांधा. स्वतःच्या नातवाला घालाल का, हा प्रश्न विचारा. उत्तर नाही आलं तर देऊ नका.

तीन, उतरती भाजणी. धावणाऱ्यांना ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदला म्हणतात. बरोबर आहे, गुडघ्यांचा प्रश्न असतो. पण धावायला निवृत्त झालेला बूट भाजी आणायला, बागेत काम करायला, पावसाळ्यात चिखल तुडवायला आणखी वर्षभर चालतो. आमच्या यांचे आता तसेच आहेत. मी म्हणते, तुम्हीही निवृत्त झालात, तुम्हाला कुठे आम्ही टाकून दिलं? यांना हा विनोद अजून आवडलेला नाही.

चार, मेलेला बूट द्यायचा तर बूट तोडून नवं काहीतरी बनवणाऱ्यांनाच. पाठवण्याआधी फोन करून विचारायचं, सध्या घेता का, कसले घेता, आणि पुढे त्याचं काय करता? जो या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

पाच, विकत घेतानाच बघायचं. जिभेच्या मागे किंवा आत छोटं लेबल असतं. त्यावर पसरलेल्या कातड्याच्या आकाराची खूण असेल तर तिथे चामडं आहे. जाळीसारखी खूण म्हणजे कापड, साधा चौकट शंकरपाळा म्हणजे इतर कृत्रिम माल. स्पोर्ट शूज म्हणजे चामडं नाहीच, असं धरून चालू नका. त्यावरचा तो मऊ लवदार तुकडा बऱ्याचदा स्वेड, म्हणजे चामडंच असतं. आणि सोल चिकटवण्याबरोबर शिवलेलाही असेल तर उत्तम, तो दुरुस्त होतो.

आणि सहा, सगळ्यात महत्त्वाचं. संख्या ठरवा. भोगोपभोगाचं परिमाण आपण हिरव्या भाज्यांना लावतो, चातुर्मासात साड्यांनाही लावतो. एकदा खाऊन संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग. बूट हा उपभोगच ना? मग त्याला मर्यादा का नको? आमच्या घरी ठरलंय, माणशी तीन जोड. चौथा आणायचा तर आधीचा एक नीट मार्गी लावायचा, आणि तो ज्याचा त्यानेच लावायचा, आई लावणार नाही. नातू पहिल्यांदा कुरकुरला. आता दुकानात गेला की स्वतःच विचारतो, “आजी, याचा सोल बदलतो का?” दुकानदार बघतच राहतो.

मला ठाऊक आहे, काही जणी म्हणतील, काहीच नसण्यापेक्षा फाटका बूट बरा की नाही? मीही आधी असंच म्हणायचे. पण विचार करा, अनवाणी धावला असता तर ते पोरगं पडलं नसतं. आपल्या बुटावर विश्वास ठेवून धावलं म्हणून पडलं.

काही म्हणतील, इतके कष्ट कोण करणार, त्यापेक्षा नवे घेऊन दिलेले सोपे. तर द्या की! ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर नवे घेऊन द्यावेत, मापाचे, मुलाला दुकानात नेऊन. फक्त त्याबरोबर आपलं जुनं गाठोडं चिकटवू नका.

मी जानेवारीत तेच केलं. त्या पोराला दुकानात नेलं. लाल रंगाचे घेतले, मला भडक वाटले, त्याला आवडले. याला मी दान म्हणत नाही. ते माझ्यावरचं देणं होतं, ते फेडलं.

तरी एक बाकी राहिली होती. क्षमावाणीच्या दिवशी आपण मंदिरात एकमेकींना हात जोडतो. ज्यांच्याशी वर्षभरात ‘तू’ची ‘तुम्ही’ झाली नाही, त्यांचीही क्षमा मागतो. पण ज्यांना खरोखर दुखावलं, ते बहुतेक वेळा मंदिरात नसतातच. यंदा क्षमावाणीला मी बाईंच्या घरी गेले. त्या गडबडून गेल्या, खुर्ची शोधायला लागल्या. मी पोरासमोर हात जोडले आणि म्हटलं, “बाळा, मी बूट न बघता दिला. माझी चूक झाली. उत्तम क्षमा.” तो लाजून आईच्या मागे गेला. मग हळूच म्हणाला, “आजी, यंदा पण पंधराशेला नाव दिलंय.”

त्याची शर्यत डिसेंबरात आहे. मी जाणार आहे बघायला.

तुमच्या माळ्यावर एखादं खोकं असेल तर आज उतरवा. दोन्ही हातांनी वाकवून बघा. आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!